भीमेची थडी आणि उजनीची भरती-ओहोटी



विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, दौंडात भरती-ओहोटी कुठून आणणार? समुद्र बघायचा तर आपल्याला घाट उतरून जावं लागतं. प्रश्न रास्त आहे. पण या तालुक्याच्या पूर्वेला, राजेगाव-खानोट्याकडं ज्यांची शेती आहे, त्यांना तो पडणार नाही. त्यांच्या बांधापर्यंत पाणी दरसाल येतं, काही महिने थांबतं आणि मग रोज थोडं थोडं मागं सरकत पार लांब जातं. तिथलं पीक, मासे, कर्ज, भांडणं सगळं त्या पाण्याच्या येण्या-जाण्यावर चालतं. समुद्रकाठी याहून वेगळं काय असतं? तिथं पाणी चंद्र हलवतो. आपल्याकडं ते कोण हलवतं, हे मला आज सांगायचं आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. थडी म्हणजे काठ. ऐलथडी, पैलथडी आपण म्हणतो. आपल्या या मुलखाचं जुनं नाव भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळात ज्यांचं नाव होतं ती भीमथडी तट्टं इथलीच. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्यातला एक तालुकाच भीमथडी नावाचा होता. म्हणजे या भागाची ओळख डोंगरावरून नाही, किल्ल्यावरून नाही, नदीच्या काठावरून झाली. आता काठ म्हटला की तो स्थिर असतो असं आपण धरून चालतो. भीमथडीचा इतिहास बघितला तर काठ स्थिर कधीच नव्हता.

इथं थोडं समुद्राकडं जाऊन येऊ, कारण तुलना त्याच्याशीच आहे. समुद्राला साधारण २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी कमी हलतं, त्याला भांग म्हणतात. कोकणात एक साधा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. घड्याळ नको, पंचांग पुरे. मुंबईला उधाणाचं पाणी जवळपास ५ मीटर चढतं. खंबातच्या आखातात ते आणखी चढतं, कारण आखाताचं तोंड रुंद आणि आत ते चिंचोळं होत जातं. भावनगरच्या बाजूला फरक १० मीटरच्या वर जातो. त्याच किनाऱ्यावर अलंगला १९८३ पासून जुनी जहाजं मोडण्याचा धंदा उभा राहिला, तो या उधाणाच्या जिवावर. मोठ्या भरतीला जहाज जोरात किनाऱ्यावर चढवायचं, पाणी ओसरलं की ते चिखलात बसतं, मग तोडायला घ्यायचं. गोदी बांधायचा खर्चच नाही. कारखानदारीलाही तिथं पंचांग बघावं लागतं.

हे लक्षात ठेवा आणि आता शिरूरला या.

शिरूरला आपण अजून घोडनदी म्हणतो. त्याच घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी सलग वर्षं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, अन्सारी ही मोठी माणसं त्यात होती. ताम्रपाषाण काळातली वस्ती, साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७००. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात इनामगाव येतं ते पुरलेले रांजण आणि मृण्मयी मूर्ती यांच्यासाठी. मला त्यातली एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथं दगडमातीचा बंधारा आणि पाटासारखा चर सापडला. पुराचं पाणी वळवून शेताकडं न्यायची सोय. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठच्या माणसानं ओळखलं होतं की इथला पाऊस भरवशाचा नाही, पण नदीचा पूर भरवशाचा आहे. पाऊस पडतो लांब सह्याद्रीत, पाणी येतं इथं. त्या पाण्यावर बार्ली पिकायची, गहूही. पुढं इसवी सनापूर्वी हजारच्या सुमाराला हवामान कोरडं होत गेलं, असं ढवळीकरांनी मांडलं. चौकोनी ऐसपैस घरं गेली, गोल लहान झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार आणि जनावरं पाळणं वाढलं. शेवटी वस्तीच उठली. काठ तिथंच होता, त्याच्याकडं येणारं पाणी बदललं.

तिथून पुढचं तीन हजार वर्षांचं चित्र थोडक्यात सांगतो. भीमा आणि घोड या खोल पात्राच्या नद्या. काठ उंच, पाणी खाली. बारमाही ओलीत करायचं तर पाणी वर उचलावं लागतं. आपल्या समोरच्या तीरावर पेडगाव आहे, बहादूरगड. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबाच्या छावणीत आणलं ते ठिकाण. तिथं नदीच्या बाजूला पाणी उपसण्याची मोठी बांधकामं उभी आहेत, लोक त्यांना हत्तीमोट म्हणतात. ज्याच्याकडं सत्ता होती त्यानं पाणी वर चढवलं. बाकीच्यांनी काय केलं? पाणी खाली उतरायची वाट बघितली. पावसाळा सरला की नदी आक्रसते आणि काठाला गाळाची ओली पट्टी उघडी पडते. तिला मळई म्हणतात. त्या मळईत आणि पात्रातल्या वाळूत उन्हाळी कलिंगडं, खरबुजं, काकड्या, वांगी व्हायची. भोई मंडळी मासेही धरायची आणि या वाड्याही करायची. आपला जमीन महसुलाचा कायदा १९६६ चा आहे, त्यातही मळईच्या जमिनीचं वेगळं कलम आहे. नदीनं आणून टाकलेली जमीन कुणाची, हा वाद सरकारदरबारी कायम येत असणार, म्हणून. ही झाली जुनी भरती-ओहोटी. वर्षातून एकदा, आषाढात चढायची, मार्गशीर्षापर्यंत उतरायची. तिची वेळ पंचांगात नव्हती, पण नक्षत्रात होती. मृग, आर्द्रा, पुनर्वसू यांच्यावर म्हातारी माणसं अंदाज बांधायची आणि तो बऱ्यापैकी जमायचा.

१८५८ मध्ये रेल्वे पुण्याहून दौंडमार्गे डिकसळपर्यंत आली, पुढच्या वर्षी बार्शी रोडपर्यंत गेली. भीमा ओलांडायला डिकसळला दगडी पूल झाला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. रेल्वेनं दौंडला पेठ दिली, नोकरदार वस्ती दिली. नदीच्या वागण्यात मात्र तिनं काही फरक केला नाही. तो फरक पुढच्या शतकात झाला, आणि तो वरच्या बाजूनं नाही, खालून आला.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, टेंभुर्णीजवळ, उजनी गावापाशी भीमेवर धरण झालं. १९६० च्या दशकात काम सुरू झालं, १९८० मध्ये पूर्ण झालं. अडीच किलोमीटर लांबीची भिंत. जलाशयाला यशवंतरावांचं नाव, यशवंतसागर. धरण सोलापूर जिल्ह्यात आणि फुगवटा पुणे, नगर, सोलापूर अशा तीन जिल्ह्यांत. पाणी मागं सरकत थेट आपल्या दौंड तालुक्यात आलं. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली नदीकाठची गावं उठली. सगळ्यांत चांगली जमीन नदीकाठची असते हे सांगायला नको. तीच आधी गेली. पळसदेवचं जुनं गाव गेलं, जुनं पोमलवाडी गेलं. रेल्वेचा मार्ग वर हलवला आणि डिकसळचा जुना रेल्वेपूल रस्त्याच्या वाहतुकीला देऊन टाकला. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांना जोडायला पुढची कित्येक वर्षं तोच उपयोगी पडला.

आता आकडे. कंटाळवाणे आहेत, पण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यात आहे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६ टीएमसी. म्हणजे या धरणात ‘मेलेलं’ पाणी जिवंत पाण्यापेक्षा जास्त! पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची वरची पातळी ४९१.०३ मीटर. वजाबाकी करा: ५.८० मीटर. मुंबईच्या उधाणापेक्षा जास्त. फक्त मुंबईला जे सहा तासांत होतं ते इथं व्हायला सात-आठ महिने लागतात. आणि हे झालं कागदावरचं. दुष्काळात मृतसाठ्यातलंही पाणी उचललं जातं, तेव्हा पातळी आणखी खाली जाते. आपल्याकडं लोक म्हणतात, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ पाण्याला उणे टक्के कसे असतील असं बाहेरच्या माणसाला वाटतं. हिशेब असा की टक्के उपयुक्त साठ्यावर मोजतात. २०२४ च्या जूनमध्ये उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली. ५३.५ चे साठ टक्के म्हणजे सुमारे ३२ टीएमसी मृतसाठ्यातून गेलेले, आणि तळाला उरलेले साधारण ३१. जो साठा मेलेला म्हणून बाजूला ठेवला, त्यातला अर्धा लोकांनी जगायला वापरला.

या भागाचा उतार सौम्य आहे. त्यामुळं पातळी एक मीटर खाली गेली की काठ कुठल्या कुठं लांब जातो. जी जमीन उघडी पडते तिला नाव आहे गाळपेर. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात मळई जिवंत आहे. जुन्या काळी नदी ओसरल्यावर मळई मिळायची, आता धरण ओसरल्यावर गाळपेर मिळते. पण मळई आणि गाळपेर यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो मालकीचा आहे. गाळपेर जमीन सरकारची. पाटबंधारे खातं ती एका हंगामापुरती भाड्यानं देतं, आणि देताना धरणग्रस्ताला आधी विचारायचं असा नियम आहे. म्हणजे बघा, ज्याची जमीन धरणात गेली तोच शेतकरी उन्हाळ्यात स्वतःच्या जुन्या शेतावर अर्ज घेऊन उभा. बांध ओळखू येतो, विहिरीचं कडं वर आलेलं असतं, आजोबांनी लावलेल्या आंब्याचा बुंधा असतो. आणि हातात पावती एका हंगामाची. नियम करणाऱ्याची नियत चांगली होती, यात मला शंका नाही. पण माणसाच्या मनाचं काय होत असेल त्या बांधावर उभं राहिल्यावर, त्याचा विचार नियमात कुठं करणार?

गाळपेरीत हरभरा, मका, कडवळ, कांदा, कलिंगडं होतात. जमिनीत ओल असते, गाळाचा कस असतो, खर्च कमी. २०१८ च्या दुष्काळात राज्य सरकारनं धरणांमधली गाळपेर जमीन चाऱ्यासाठी नाममात्र एक रुपया भाड्यानं द्यायचं ठरवलं. जनावरांच्या छावण्या चालत होत्या तेव्हाची ही गोष्ट. चारा असा धरणाच्या पोटातून आला. पण गाळपेर हा जुगार आहे. पेरलेलं काढणीला येईपर्यंत पाणी थांबेल का? वरच्या धरणांतून अवेळी पाणी सुटलं तर? आणि उलट, धरण भरलेलंच राहिलं तर जमीन उघडी पडायलाच उशीर, मग पेरायचं कधी?

जमीनवाल्यांची ओहोटी वेगळी. काठावर दोन्ही बाजूंनी ऊस उभा आहे. दौंड, इंदापूर, करमाळा, कर्जत, सगळीकडं कारखाने. ऊस उभा आहे तो जलाशयात सोडलेल्या मोटारींवर. पाणी मागं सरलं की मोटार उघडी पडते. मग काय करायचं? मोटार पुढं सरकवायची. पाइपाचे नवे तुकडे, नवी केबल, आणि पाणी मोटारीपर्यंत आणायला चारी. पोकलेन लावून चाऱ्या खोदतात, चारचौघं मिळून खर्च वाटून घेतात. एकदा सरकवून भागत नाही. मार्चमध्ये एकदा, एप्रिलमध्ये पुन्हा, मेमध्ये जमलं तर आणखी. जूनमध्ये पाणी आलं की तेच सगळं उलट. ज्याच्याजवळ पैसा आहे तो ओहोटीचा पाठलाग करू शकतो, ज्याच्याजवळ नाही त्याचा ऊस मेमध्ये वाळतो. पेडगावच्या हत्तीमोटेचा नियम अजून चालू आहे म्हणा ना.

मासेमारीचंही असंच. पूर्वीच्या भीमेत वांब, मरळ, शिंगटा असे मासे होते. धरण झाल्यावर कटला, रोहू यांचं बीज सोडलं गेलं. आणि चिलापी! तिचं बीज कुणी मागावं लागत नाही, ती आपोआप वाढते. आज उजनीचा मासा म्हटला की चिलापीच आधी डोळ्यांसमोर येते. भिगवणचा मासळी बाजार मोठा आहे, हॉटेलांच्या पाट्यांवर ‘भिगवणची मच्छी’ लिहिलेलं दिसतं. कोकणात नाही, तर घाटावर, इंदापूर तालुक्यात, मासळीचं गाव तयार झालं ते चाळीसेक वर्षांत. एखाद्या किनाऱ्याच्या इतिहासात चाळीस वर्षं म्हणजे काहीच नाही.

भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ या बाजूला हिवाळ्यात रोहित येतात, पट्टकदंब येतात, चमचे, चित्रबलाक असतात. मुंबई-पुण्याचे लोक कॅमेरे घेऊन येतात, मासेमारी करणारेच नावेतून त्यांना फिरवतात, पक्ष्यांची नावं घडाघडा सांगतात. रोहिताला उथळ पाण्याखालचा चिखल लागतो. धरण तुडुंब असेल तर चिखल उघडा पडत नाही आणि पाहुण्यांचा मुक्काम लांबतो किंवा दुसरीकडं हलतो. शेतकरी म्हणतो धरण भरलेलं राहू दे, नाववाला म्हणतो थोडं उतरू दे. दोघं एकाच घरातले असू शकतात.

आता पाण्याबद्दल बोललं पाहिजे. किती याबद्दल नाही, कसलं याबद्दल.

आपल्या शिवारात पाऊस फार पडत नाही. आपण पर्जन्यछायेत आहोत. उजनीचं पाणी येतं भीमा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, घोड, कुकडी यांच्यातून. यातलंही थोडं पाणी पूर्वेला न येता पश्चिमेला जातं. मुळशीला मुळेचं पाणी अडवून टाटांनी ते घाटाखाली भिऱ्याला वीज करायला नेलं. सेनापती बापटांचा १९२१ चा सत्याग्रह याच धरणाविरुद्ध. ते पाणी कुंडलिकेतून रोह्याच्या औद्योगिक वसाहतीवरून रेवदंड्याच्या खाडीला जातं. म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलं थोडं पाणी खऱ्याखुऱ्या भरती-ओहोटीपर्यंत पोचतं बरं का! पण ते आपल्या वाट्याचं नाही.

आपल्या वाट्याला येतं ते पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्यातून. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, १९६२ मध्ये एमआयडीसी झाली, मग पवनेच्या दोन्ही तीरांवर कारखाने. नंतर चाकण, नंतर शिरूर तालुक्यात रांजणगाव, आपल्याकडं कुरकुंभ, पुढं भिगवणला कागदाचा कारखाना. मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते आणि सगळं पाणी एकत्र होऊन आपल्या दारावरून जातं. नदी वाहती असताना घाण पुढं जायची. धरण झाल्यावर ती पुढं कुठं जाणार? पाणी थांबलं की त्यातलं जड ते तळाला बसतं, आणि नत्र-स्फुरद राहतं ते शेवाळाला आणि जलपर्णीला खत. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसं ते दाट होतं. हिरवं पाणी, वास, अंगाला खाज. काठावरच्या म्हाताऱ्या बाया सांगतात, आम्ही नदीचं पाणी कळशीनं आणून प्यायचो. आता त्याच गावांत फिल्टरच्या पाण्याचे जार येतात. कुरकुंभ ही रसायनांची वसाहत. तिथल्या ओढ्या-विहिरींच्या पाण्याच्या रंगाबद्दल आसपासच्या गावांच्या तक्रारी नव्या नाहीत. सामायिक सांडपाणी प्रकल्प असूनही त्या थांबलेल्या नाहीत.

खऱ्या आखाताच्या काठी निदान दिवसातून दोनदा समुद्र येऊन धुवून जातो. पुरेसा धुतो असं नाही, पण धुतो. आपली भरती वर्षातून एकदा, आणि ती स्वच्छ पाणी घेऊन येत नाही. पहिल्या पावसाचा लोंढा वरच्या सगळ्या नाल्यांतलं साचलेलं आधी घेऊन येतो.

गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, या सांडपाण्यावर आता हक्कही सांगितले जातात. पुणे शहरानं खडकवासल्याचं पाणी जास्त घ्यायचं, त्या बदल्यात साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या कालव्यात सोडायचं आणि दौंड-हवेलीच्या शेतीनं ते वापरायचं, असं ठरलं. आणि एप्रिल २०२१ मध्ये, उजनीत पुण्याचं जे सांडपाणी येतं त्यातलं ५ टीएमसी इंदापूरला उचलून द्यायचा आदेश निघाला. सोलापूर जिल्हा पेटला. आमच्या धरणातलं पाणी पुण्याला का, असा सवाल. मे महिन्यात आदेश रद्द झाला. या वादात एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही: दोन जिल्हे भांडत होते ते तिसऱ्याच शहराच्या सांडपाण्यावर.

तर पाणी हलवतं कोण? पावसाळ्यात सह्याद्रीतला पाऊस आणि वरच्या धरणांचे दरवाजे. पावसाळ्यानंतर कालवा सल्लागार समिती. उन्हाळी पाळ्या किती, सोलापूर शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत नदीतून किती सोडायचं, आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात चंद्रभागेत पाणी हवं म्हणून किती, हे बैठकीत ठरतं. पंढरपूरच्या वाळवंटात वारकरी स्नान करतो तेव्हा भिगवणच्या काठावर कुणाची तरी मोटार उघडी पडलेली असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच पाण्याच्या आहेत. कोकणातला कोळी तिथीची पाऊणपट करून नाव लोटतो. आपल्या काठावरच्या माणसाला असा कुठलाच गुणाकार नाही. चंद्राला निवेदन देता येत नाही, समितीला देता येतं, हा फायदा खरा. पण चंद्र बैठक पुढं ढकलत नाही.

या अंदाज नसलेल्या पाण्याची किंमत २१ मे २०२४ ला दिसली. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान मुलं होती. एक जण पोहून काठाला लागला म्हणून बातमी तरी लगेच कळली. धरणानं नदीचं सागर केलं, पण सागराला लागणारी व्यवस्था तेवढ्या वेगानं आली नाही. कोकणच्या खाड्यांत तरीला शेकडो वर्षांची रीत आहे. कुठल्या वाऱ्यात नाव काढायची नाही हे तांडेलाला आजानं सांगितलेलं असतं. इथं आजाला माहीत होती ती उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडायची भीमा. रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा, म्हणून लोक नावेत बसतात. पुलाची मागणी तिथं फार जुनी.

त्याच मे महिन्यात पळसदेवचं पाण्यात गेलेलं देऊळ पूर्ण उघडं पडलं होतं आणि माणसांची रीघ लागली होती. एका ओहोटीनं देऊळ दाखवलं, त्याच ओहोटीत सहा माणसं गेली. वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या शेजारी शेजारी होत्या.

वाळूबद्दल दोन वाक्यं, कारण ती सोडली तर तुम्हीच विचाराल. पाणी उतरलं की वाळू उपसणाऱ्या बोटी येतात. महसूल खातं त्या पकडतं, जिलेटिननं उडवतं, काही दिवसांनी नव्या येतात. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांत हे चालू आहे, आणि मळईत वाड्या व्हायच्या ती वाळू आता पात्रात फारशी उरलेली नाही.

आणि शेवटी दौंडबद्दल. पावसाळ्यात सोलापूरपासून पंढरपूरपर्यंतचे लोक रोज एक आकडा विचारतात: दौंडचा विसर्ग किती? आपल्या पुलाखालून जाणारं पाणी क्युसेकमध्ये मोजतात, आणि तेच पाणी पुढं उजनीत जातं. एक लाख क्युसेक दिवसभर राहिलं तर साडेआठ टीएमसीच्या वर भर. भरतीचं कोष्टक म्हणायचं तर एवढंच एक आपल्या हातात आहे. २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीला उणे साठवर असलेलं धरण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शंभर टक्के भरलं. दोन महिन्यांत सुमारे ८५ टीएमसी. पळसदेवचं देऊळ बुडालं, गाळपेरीतला उरलासुरला चारा बुडाला. अशा वेळी दौंडचा आकडा व्हॉट्सॲपवर आला की खानोट्यापासून खालच्या काठावर लोक बॅटऱ्या घेऊन रात्रीच निघतात. चारीत उतरायचं, पाइपाचे नट खोलायचे, केबल गुंडाळायची आणि ट्रॅक्टर लावून मोटार वर ओढायची. सकाळपर्यंत थांबलं तर ती पाण्याखाली जाते.

प्रश्न असतील तर आता घेऊ.